अब्बांची वही आणि माझा अभिनय

(सांगली येथे युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं की ‘माझा अभिनयाचा प्रवास’ यावर बोला. प्रवास म्हटलं की लोकांना कष्ट, मग यश, मग टाळ्या अशी गोष्ट हवी असते. माझ्याकडे तशी गोष्ट नाही. तुम्ही मला मालिकांमध्ये पाहिलं असेल, पण नाव आठवणार नाही. दवाखान्यातली नर्स, शेजारची काकू, बाजारात भांडणारी बाई, अशी कामं मी करते. तरी बारा वर्षं या धंद्यात टिकून आहे. कशी टिकले, तेवढंच सांगते. ‘धंदा’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे.

मी साताऱ्याची, सासर मिरजेचं. अब्बांचं साताऱ्यात टेलरिंगचं छोटं दुकान होतं. काउंटरवर एक लांब वही असायची. गिऱ्हाइकाचं नाव, माप, ॲडव्हान्स किती, कपडा कधी द्यायचा, बाकी किती, सगळं त्यात लिहिलेलं. ओळखीचा माणूस असो की मशिदीतला रोजचा सोबती, ॲडव्हान्स वहीत चढल्याशिवाय अब्बा कापडाला कात्री लावत नसत. कुणी म्हणालं, “मास्तर, आपल्यात काय लिहायचं?” तर ते म्हणायचे, “आपल्यात आहे म्हणूनच लिहायचं. उद्या आपल्यात भांडण नको.” कुरआनातली सगळ्यात मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मला त्यांनीच सांगितलं.

अशा माणसाच्या मुलीने पहिल्याच व्यवहारात काय करावं? कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केलं होतं. त्या जोरावर एका माणसाच्या नादी लागले. तो म्हणाला, पोर्टफोलिओ, ‘आर्टिस्ट कार्ड’ आणि मालिकेत नक्की काम, सगळं मिळून पस्तीस हजार. अम्मीने दोन बांगड्या मोडल्या. पावती नाही, कागद नाही. फोटो मिळाले. कार्डही मिळालं, प्लास्टिकचं, ज्याला कुठेही किंमत नव्हती. मग फोन लागेनासा झाला. अब्बा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या धंद्यात पैसा निर्मात्याकडून कलाकाराकडे येतो. काम देण्यासाठी जो तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याचा धंदा मालिकेचा नाही, तुमच्या स्वप्नाचा आहे. नोंदणी फी, कार्ड, ‘रिफंडेबल डिपॉझिट’, नाव काहीही असो. आणि मुलींनो, ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री नऊनंतर बोलावली असेल तर ते काम गेलं तरी चालेल. सोबत कुणाला तरी न्या. सोबत आणू नका असं सांगितलं, तर तिथूनच परत फिरा.

आता कुणी म्हणेल, कलेत हिशेब कशाला? मित्रांनो, हे आपण कुठे बसून विचारतोय? सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ केलं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. चिंतामणराव गेले, राजाश्रय सुटला. मग भाव्यांनी काय केलं? मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. म्हणजे मराठी नाटक पुढे जगलं ते तिकीट लागलं म्हणून. राजाच्या मर्जीवर असलेलं नाटक गिऱ्हाइकाच्या पैशावर आलं.

उलटं उदाहरणही याच मातीतलं आहे. बालगंधर्व पलूसजवळच्या नागठाण्याचे. त्यांच्यासारखा नट पुन्हा झाला नाही. पण शालू, दागिने, अत्तर, कशातच हात आखडला नाही आणि गंधर्व नाटक मंडळी कर्जात गेली. ते कर्ज फेडण्यात ऐन उमेदीची वर्षं गेली. एवढ्या मोठ्या कलावंताला हिशेबाने सोडलं नाही, तर तुम्हाआम्हाला सोडेल काय?

आणि माझ्या सासरच्या गावाचं बघा. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं करणारे, धार लावणारे. गेल्याच्या आधीच्या शतकात तलवारींची मागणी संपली. फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात तंबोरा आणि सतारीकडे वळवला. भोपळे पंढरपूरकडचे, कसब घरचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. मागणी कुठे आहे हे ओळखून आपलं कसब तिकडे न्यायचं, याला कुणी कलेचा अपमान म्हटलं नाही.

तर पहिलं काम, आपला माल ओळखायचा. मी सुरुवातीला सगळ्यांसारखी नायिकेच्या कामासाठी ऑडिशन द्यायची. पुण्या-मुंबईच्या मुलींसारखं बोलायचा प्रयत्न करायची. अब्बा सफारी आणि शाळेचे गणवेश शिवायचे. लग्नाची शेरवानी शिवायला गेले असते तर दुकान बुडालं असतं. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि साताऱ्याची बोली घराघरात गेली. त्याआधीही वाई-मेणवलीला हिंदी चित्रपटवाले येतच होते. ‘स्वदेस’ तिथलाच. पण आता आमच्या बोलीत बोलणारी माणसं लागू लागली. ज्या बोलीची मला लाज वाटायची, तीच माझा माल ठरली. शिवाय घरात आपण बोलतो ती दखनी येते. दखनी, साताऱ्याची मराठी, बरी हिंदी, वय पस्तीस ते पंचेचाळीस दिसेल असा चेहरा, आणि स्कूटर चालवता येते. ही माझ्या दुकानाची पाटी.

पाटी लावायला पन्नास हजारांचा पोर्टफोलिओ लागत नाही. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर काढलेले दोन-तीन फोटो. एक मिनिटाचा व्हिडिओ: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, कोणत्या भाषा येतात. आणि वेगवेगळ्या स्वभावाचे दोन छोटे प्रसंग. दर सहा महिन्यांनी फोटो बदलायचे, कारण केस वाढतात, वजन वाढतं, आणि फोटोत एक अन् समोर दुसरीच बाई उभी राहिली की माणूस चिडतो.

दुसरं, हिशेब. मागच्या वर्षाची वही मी सोबत आणली आहे, त्यातून वाचते. ऑडिशन ४६. त्यातल्या ३३ घरून मोबाइलवर करून पाठवल्या, १३ प्रत्यक्ष जाऊन दिल्या. कामं मिळाली ६. म्हणजे ४० वेळा नकार, आणि तो बहुतेक वेळा कळवतही नाहीत. शूटिंगचे दिवस ३८. अभिनयातून हातात आले १,०२,०००. खर्च झाला ५०,०००. त्यात ३१,४०० नुसता प्रवास. उरले ५२,०००. महिन्याला साडेचार हजारसुद्धा नाहीत.

हसू नका. हा आकडा मला माहीत आहे, हीच माझी कमाई आहे. कित्येकांना तो माहीतच नसतो. ते म्हणतात, एका दिवसाचे तीन हजार मिळाले. त्या दिवसासाठी दोन हजार प्रवासात आणि राहण्यात गेले, हे लिहिलेलं नसतं.

मग घर कसं चालतं? शेतकरी म्हशी का पाळतो? पिकाचं काही खरं नसतं, दुधाचे पैसे ठरल्या दिवशी येतात. मला शिलाई येते. एका सेटवर नायिकेचा ब्लाउज ऐनवेळी उसवला, मी तो दहा मिनिटांत नीट करून दिला. तेव्हापासून कपडेपटाची दुरुस्तीची कामं मिळू लागली. मागच्या वर्षी त्यातून ६४,००० आले. शाळांमध्ये नाटक बसवून २२,०००. सगळं मिळून खर्च जाता महिन्याला साडेअकरा हजार. श्रीमंती नाही, पण घरात माझा वाटा आहे. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. आपल्या साताऱ्याचे सयाजी शिंदे पाटबंधारे खात्यात रात्रपाळीचे वॉचमन होते. जोडधंद्याची लाज कसली? पोट भरलेला नट चुकीच्या कामाला ‘नाही’ म्हणू शकतो. उपाशी नट म्हणू शकत नाही.

तिसरं, लिहून घेणं. एका ठिकाणी मी अकरा दिवस काम केलं. सगळं तोंडी. पैसे आजतागायत आले नाहीत, आणि दाखवायला माझ्याकडे कागद नाही. आता काम ठरलं की मीच मोबाइलवर अदबीने मेसेज पाठवते: “सर, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक तारखा, दिवसाचा दर इतका, शिफ्ट इतक्या तासांची, प्रवास आणि राहणं आपल्याकडे, पैसे इतक्या दिवसांत. बरोबर आहे ना?” समोरून ‘हो’ आलं की तो माझा कागद. टीव्हीच्या कामाचे पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे आज केलेल्या कामावर तीन महिने घर चालणार नाही, हे धरूनच चाला. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय मुंबईत खोली घेऊ नका. आणि कर्ज काढून तर मुळीच नको. तमाशाच्या फडांचं उचलीच्या पैशाने काय होतं, ते आपल्या भागाला सांगायला नको.

चौथं, सरकारी कागद. पॅन कार्ड, कामासाठी वेगळं बँक खातं. निर्माता आपल्या फीमधून बहुधा दहा टक्के टीडीएस कापतो. मला वाटायचं, ते पैसे गेले. तीन वर्षांनी एका ओळखीच्या अकाउंटंटने विचारलं, “ताई, रिटर्न भरता का?” उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात. दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती, ते पैसे बुडाले. शेवटच्या वर्षाचे सहा हजारांच्या आसपास खात्यात आले. चित्रपट कलाकारांसाठी आयकरात सोपी सोयही आहे. ठरावीक मर्यादेच्या आत जमा असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून हिशेब देता येतो. उत्पन्न कमी आहे म्हणून रिटर्न टाळू नका. रिटर्न म्हणजे आपण धंदा करतो याचा पुरावा. पुढे बँकेतही तोच विचारतात.

आता थोडं अवघड बोलते. आपल्या समाजात मुलीने अभिनय करायचा म्हटलं की काय होतं, हे इथल्या मुलींना माहीत आहे. माझ्या सासूबाई दोन वर्षं शेजारी सांगत होत्या की सून ‘कंपनीत कामाला’ जाते. मी वाद घातला नाही. दर महिन्याला पासबुक आणि वही त्यांच्यापुढे ठेवत गेले. कुठे गेले, किती वाजता परत आले, किती मिळाले. एक दिवस त्यांनीच शेजारणीला सांगितलं, “मालिकेत काम करते, टीडीएस कापून पैसे येतात.” टीडीएस म्हणजे काय, हे त्यांना अजून माहीत नाही. पण त्या शब्दाने आमच्या गल्लीत माझी इज्जत वाढली.

बाहेरची बाजूही आहे. सुरुवातीला एकाने सुचवलं, नाव बदला, सोपं जाईल. दुसरा म्हणाला, “तुम्ही मुस्लिम वाटत नाही,” आणि ते त्याने कौतुक म्हणून म्हटलं. मी नाव बदललं नाही. बदलणाऱ्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाचं गणित वेगळं. पण एक सांगते. आपल्या वाट्याला येणारी भूमिका बहुतेक वेळा एकतर अत्तर लावणारा चाचा, नाहीतर दहशतवाद्याची आई. असल्या दोन भूमिका मी नाकारल्या. नाकारता आल्या, कारण त्या महिन्यात शिलाईचे पैसे आले होते. स्वाभिमानाला सुद्धा भांडवल लागतं, मुलांनो.

शेवटचं. प्रत्येक दुकानाला मुदत हवी. मी दर तीन वर्षांनी बसते आणि वही उघडते. खर्च वाढतोय आणि कामं घटतायत का? मला अजून शिकायला मिळतंय का? येत्या मार्चमध्ये पुन्हा बसणार आहे. अभिनयाचा आकडा दोन वर्षं खाली येतो आहे, हे तुम्हाला खरं सांगते. कदाचित ऑडिशन कमी करून कपडेपटाचं काम वाढवीन. त्याला हरणं म्हणत नाहीत. अब्बांनी डोळे अधू झाल्यावर शिवणं थांबवलं आणि फक्त कापायचं काम ठेवलं होतं.

अब्बा गेले तेव्हा मी त्यांची वही चाळली. एका पानावर माझं नाव होतं, पुढे ३५,०००. येण्याच्या बाजूला नाही, देण्याच्याही नाही. समासात लिहिलं होतं, आणि तारीख नव्हती. त्यांच्या वहीत तारीख नसलेली तेवढी एकच नोंद आहे.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या महिन्यात पैसे घेऊन मुंबईला निघालं असेल, तर निघण्याआधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा: किती आणले, कुणाचे आणले, किती दिवस पुरतील. हे लिहिताना हात थांबला, तर अजून निघायची वेळ झालेली नाही.

चहाच्या वेळी मी इथेच आहे. माझी वही टेबलावर ठेवते. ज्यांना बघायची आहे, त्यांनी या आणि पानं उलटा.