भुकेल्या जमिनीचे अन्न
(तबूक येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



तबूकमध्ये येऊन शेणखतावर भाषण कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरामागे चार हात वाळू आहे आणि गावाकडे, इथून पाठविलेल्या पैशातून घेतलेला एक-दोन एकरांचा तुकडा आहे. या दोन्ही जमिनींचे दुखणे एकच. त्या उपाशी आहेत.

विमानातून दिसणारी इथली हिरवी वर्तुळे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वर्षाकाठी ५० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या प्रदेशात भूगर्भातील पाण्याने ही किमया केली. तथापि पाणी मिळाले म्हणजे शेत झाले असे नव्हे. वाळू पाणी धरत नाही, खतही धरत नाही. चुनखडीमुळे स्फुरद आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. ही उणीव कुजलेला सेंद्रिय पदार्थच बऱ्याच अंशी भरून काढतो.

'कुजलेला' या शब्दावर माझा भर आहे. इथे शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या मिळतात आणि आपले लोक त्या तशाच वाफ्यात टाकतात. लेंडीखत शेणखतापेक्षा कितीतरी सकस खरे. पण ताजे असता त्याची उष्णता व क्षार कोवळी मुळे जाळतात, शिवाय तणांचे बी आणि रोगजंतू फुकट येतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांप्रमाणे मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी कच्चे खत घातल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात. आपली मेथी तर महिन्याभरात ताटात येते!

मग शेण थोडे आणि गुरे नाहीत, अशा माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दिले. त्यांच्या नावाची अक्षरे घेऊन ती 'नाडेप' पद्धत म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके. भिंतींत हवेसाठी भोके. त्यात सुमारे १५०० किलो काडीकचरा, १७५० किलो चाळलेली माती, भरपूर पाणी आणि शेण अवघे १०० किलो. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते.

ज्यांच्या दावणीला कधी गुरे नव्हती, त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे! गावाचा केर आमच्या वाडवडिलांनी वाहिला. त्याचे खत मात्र दुसऱ्यांच्या शेतात गेले. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पण भूमिहीनांच्या वाट्याला जी गायराने, जी पडीक जमीन आली, ती बहुधा मुरमाड. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान धारणांवरील निबंधात दाखविले होते की, शेत लहान की मोठे हे केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यावर खर्चायला इतर साधने किती आहेत यावर ठरते. खत हे त्यातले पहिले साधन, असे मी म्हणेन.

तबूकच्या उन्हात टाक्याची भोकेच वैरी होतात, ढीग कोरडा पडून कुजणे थांबते. म्हणून सावली धरावी आणि वर ओले गोणपाट टाकावे. मूठभर खत पिळले असता हात ओला व्हावा, धार लागू नये, इतकी ओल पुरे. ढीग मीटरभर लांब-रुंद-उंच तरी असावा. त्याहून लहान ढीग तापत नाही, आणि न तापलेल्या ढिगातले जंतू व तणांचे बी मरत नाही. भाजीची देठे, चहाचा चोथा, वाळलेली पाने चालतील. मांस व तेलकट उष्टे नको, उंदीर येतात. घरात वास येईल म्हणून कुरकुर होईल, विशेषतः माहेर शहरातले असेल तर. परंतु नीट तापलेल्या ढिगाला ओल्या मातीचाच वास येतो.

जूनमध्ये ढीग घातला की ऑक्टोबरच्या पेरणीला खत हाताशी येते. चौरस मीटरला दोन-अडीच किलो घालून मातीत मिसळावे आणि लगेच पाणी द्यावे.