समुद्राच्या गाळातली नोंदवही



"तू गोव्यात चिखलात काय शोधतोस रे?" हे सकाळपासून चौघांनी विचारलं. मी शोधतो ती कवचं. आपल्या खाडीतल्या शिवल्यांएवढी नव्हेत, रेतीच्या कणाएवढी. फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची ही चुन्याची घरं. जीव मेला की घर तळाशी बसतं, वर गाळ साचतो. जासईच्या खाडीतला गाळ मात्र या कामाला चालत नाही. भरती-ओहोटी आणि बंदराचे ड्रेजर त्याचे थर कालवून टाकतात. खोल अरबी समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटरच गाळ साचतो, तोही शांतपणे. जहाजावरून लांब नळी तळात रुतवून तो थरांसकट वर काढतात. पुढचं काम आपल्या आया तांदूळ निवडायच्या तसं: गाळ चाळणीवर धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलायचं.

कार्बन डायऑक्साइड विरघळला की समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतं. पाण्यात बोरॉन दोन रूपांत असतो. आम्लतेनुसार त्यांचं प्रमाण बदलतं आणि त्यातलं एक रूप कवचात शिरतं. त्यातल्या हलक्या-जड अणूंचं गुणोत्तर मोजलं की त्या काळच्या पाण्याची आम्लता कळते, त्यावरून कार्बनचा अंदाज येतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सुशांत नाईक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पूर्व अरबी समुद्रातल्या कवचांतील बोरॉनवरून नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर शोधला. वारा जोराचा असला की खालचं कार्बनयुक्त पाणी वर येतं, म्हणून कवचात पावसाळ्याचीही खूण राहते. मला हा भाग सर्वांत आवडतो.

हिमयुगाच्या ऐन भरात हवेत दहा लाख भागांत सुमारे १८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, कारखाने येण्याआधी २८०. हिमयुग सरताना ती वाढ व्हायला काही हजार वर्षं लागली. आज आकडा ४२० च्या वर आहे, आणि त्यातली बरीचशी भर आपण शाळा सोडल्यानंतरची. आपण सोडलेल्या वायूचा सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो. आम्लता वाढली की चुन्याचं घर बांधणं जड जातं. शिवल्या, कालवं यांचीही घरं चुन्याचीच. आपल्याकडच्या कित्येक जागा आधीच भरावाखाली गेल्या, तिथे आम्लाची गरज पडली नाही. उरल्यात त्यांचं काय, हा प्रश्न आहे.

काही कवचं काचपट्टीवर आणली आहेत. बाहेर टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवलाय. जेवणाच्या रांगेआधी बघून घ्या. पहिला मान सरांचा.