नोकरीचे मध्यस्थ आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात तरुण सभासद व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला. जन्मभर मुलांना गणित व व्याकरण शिकविणाऱ्या मजसारख्या शिक्षकाने नोकरीच्या बाजाराविषयी काय सांगावे? परंतु या विषयात मी एकदा नापास झालो आहे, आणि नापास झालेल्याला प्रश्नपत्रिका अधिक चांगली आठवते, म्हणून उभा राहिलो.

आमच्या तरुणपणी मुलाचे नाव सेवायोजन कार्यालयात नोंदवावयाचे आणि बोलावण्याची वाट पाहावयाची, असा परिपाठ होता. २५ वा अधिक नोकर असलेल्या खाजगी मालकांनीही रिकाम्या जागा तेथे कळवाव्या, असे १९५९ सालच्या कायद्याने ठरविले. मात्र माणूस तेथूनच घ्यावा, असे बंधन घातले नव्हते. कित्येकांचे कार्ड जीर्ण झाले, बोलावणे आले नाही. सांप्रत आपली मुले ज्यांस कन्सल्टन्सी म्हणतात, त्या खाजगी संस्थांचे उंबरठे झिजवितात.

या संस्था वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांचा धनी कोण, एवढे ओळखावे. आपली वधूवर-सूचक शाखा दोन्ही घरांचे हित पाहते. कन्सल्टन्सीचे तसे नाही. कारखानदार तिला सांगतो, अमुक कामास अमुक माणूस हवा. माणूस रुजू झाला म्हणजे तो तिला मोबदला देतो, बहुधा त्या जागेच्या वार्षिक वेतनाच्या ठराविक टक्क्यांनी. अर्थात ती कामासाठी माणूस शोधते, माणसासाठी काम नव्हे. तिचा फोन आला नाही तर तो आपला अपमान समजू नये. नेमलेला माणूस दोन-तीन महिन्यांत सोडून गेला तर बहुधा तिला दुसरा द्यावा लागतो किंवा पैसे परत करावे लागतात. यास्तव अनुभव आणि वेतनाची अपेक्षा तिला खरी सांगावी. आणखी एक. आपला बायोडेटा कोणत्या कंपनीकडे जाणार, हे आधी विचारावे. एकाच कंपनीत दोन संस्थांनी तुमचे नाव पाठविले, तर मोबदला कोणाचा हा वाद नको म्हणून कंपनी तुम्हालाच वगळू शकते.

आता माझे नापास होणे. माझी बहीण विधवा. तिचा मुलगा आय.टी.आय. झालेला फिटर. शहरातील एका संस्थेने त्याच्याकडून नोंदणीचे २,००० रुपये घेतले, मग प्रशिक्षणाचे १८,०००, मग अनामत म्हणून ३०,०००. दर वेळी तो विचारी, "मामा, देऊ का?" आणि दर वेळी मी म्हणे, "दे. एवढी काचेची, थंडगार कचेरी. ती खोटी कशी असेल?" तिसऱ्या वेळी बहिणीने हातातील पाटल्या सोनाराकडे नेल्या. नेमणूकपत्र आले. ते घेऊन भाचा कारखान्याच्या फाटकावर गेला. तेथील अधिकारी भला माणूस. त्याने पाणी दिले आणि सांगितले, अशा सहीचा इसम आमच्याकडे नाही. परत येऊन पाहतो तो कचेरीस कुलूप. पोलिसांत तक्रार दिली. पैसे आले नाहीत. ते पत्र नंतर मी चष्मा लावून वाचले. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या आणि कंपनीचा पत्ता नव्हता. पस्तीस वर्षे तांबड्या शाईने चुका काढणाऱ्या माणसाने ते पत्र न तपासता पेढे वाटले होते. बहीण मला एका शब्दानेही बोलली नाही, हे अधिक जड गेले.

दीड वर्षाने दुसऱ्या एका संस्थेमार्फत त्याला काम लागले. तिने एक पैसाही मागितला नाही. उलट पहिली जागा त्याच्याजोगी नाही, असे स्पष्ट सांगितले. कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारात आहे, हे मला फार उशिरा कळले.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तेथे माणसे पाठविणाऱ्याने १९८३ च्या कायद्यान्वये सरकारी नोंदणी केलेली असली पाहिजे. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला घेता येणारे शुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर, याहून अधिक नाही, आणि त्याची पावती मिळाली पाहिजे. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस नेतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. २०२२ साली थायलंडमध्ये संगणकाचे काम आहे असे सांगून आपल्या देशातील तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकविल्याचे प्रकार घडले, आणि सरकारला त्याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला.

कार्यकारिणीने मला मंडळाच्या कार्यालयातील एक टेबल दिले आहे. दर रविवारी सकाळी ९ ते ११ मी तेथे बसेन. ज्या घरी असे पत्र आले असेल, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी ते घेऊन यावे. आपण दोघे मिळून त्या कंपनीला फोन करू. भाच्याचे पत्र मी जपून ठेविले आहे. बहिणीची परवानगी घेतली आहे. ज्याला पाहावयाचे असेल त्याला दाखवीन.