उपवासाच्या खिचडीचा भूगोल
(केळझर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या परिसरातील लोकांची जुनी श्रद्धा आहे. बकासुराकडे गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवावा लागे, व भीमाने ते अन्न राक्षसाच्या देखतच फस्त केले, ही कथा येथील मुलांना निराळी सांगावी लागत नाही. त्याच मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : त्या गाड्यात मिरची होती काय? बटाटे, टोमॅटो, शेंगदाणे होते काय? महाभारत रचले गेले त्या काळी यांपैकी एकही वस्तू भारतात नव्हती. मुले चकित होतील. आणि जेथे नवल वाटते तेथेच शिक्षणाचा आरंभ होतो.

एकादशीची साबुदाण्याची खिचडी घराघरांत अत्यंत सोवळी मानली जाते. तिचे घटक मात्र सातासमुद्रांपलीकडून आलेले आहेत. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा, शेंगदाणा त्याच खंडातला, आणि मिरची मेक्सिकोकडची. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेकडील बेटांवर उतरला व १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. त्यानंतर मुख्यतः पोर्तुगिजांच्या जहाजांतून ही पिके इकडे आली.

साबुदाण्याची कथा याहूनही मौजेची आहे. पूर्वी तो आग्नेय आशियातील बेटांवरील सागू नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून होत असे. आज आपल्याकडे तो टॅपिओका या कंदाच्या सत्त्वापासून करतात, आणि तो कंदही दक्षिण अमेरिकेतलाच. १८८० नंतरच्या काळात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल येईनासा झाला, तेव्हा तामिळनाडूतील सेलम भागात कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. उपवासाला धान्ये व कडधान्ये वर्ज्य. परंतु हे पाहुणे त्या यादीत नव्हते. वस्तुतः शेंगदाणा हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या मूग व तूर यांचाच भाऊबंद, तरीही तो उपवासाला चालतो! जिरेसुद्धा पश्चिमेकडून आले. मीठ वगळता येथलेच म्हणावे असे खिचडीत उरते ते तूप.

हे कशावरून, असे चौकस विद्यार्थी विचारील. त्याने तसे विचारावे म्हणूनच हा पाठ घ्यावयाचा. एक पुरावा त्याच्या जिभेवरच आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत तिखटपणासाठी येते ते ‘मरिच’, म्हणजे काळे मिरे. नवे तिखट आले तेव्हा मिऱ्यावरून त्याला ‘मिरची’ हे नाव पडले. जमिनीखाली शेंगा धरणारे नवे पीक दिसले, त्याला ओळखीच्या मुगावरून ‘भुईमूग’ म्हटले. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्द तर पोर्तुगिजांकडूनच आले. पाहुण्याला घरातलेच नाव द्यावे, ही मराठी भाषेची रीत यात दिसते.

झुणका-भाकरीचीही हीच गोष्ट. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी येथे रुजली. हरभरा पश्चिम आशियातून आला. तूर मात्र याच भूमीची लेक. तेव्हा वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या घरचे साधे ताट म्हणजे जगाचा नकाशाच होय. शाळेच्या पोषण आहारातील तांदूळ-मुगाच्या खिचडीलाही इतिहास आहे. चौदाव्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता याने मूग-तांदळाची खिचडी लोक सकाळी तुपासह खातात, असे नमूद केले आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. हाताच्या कामाशी विषयांचा समवाय साधावा, हे त्याचे मर्म. त्या दृष्टीने स्वयंपाकघरासारखे साधन दुसरे नाही. भिंतीवर जगाचा नकाशा लावावा, शाळेच्या स्वयंपाकघरातील मूठभर जिन्नस पुड्यांत बांधावेत, आणि मुलांनी प्रत्येक पुडी तिच्या मूळ देशावर टाचावी. यात भूगोल, इतिहास, भाषा व वनस्पतिशास्त्र एकत्र येतात. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही बोलवावे. कोणती डाळ लवकर शिजते व का, हे त्यांच्याइतके दुसरे कोण सांगणार?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ‘तुझ्या घरी आज काय केले होते?’ असे वर्गात विचारू नये. एखाद्या घरी काहीच केलेले नसते, आणि ते मूल खोटे बोलते किंवा मान खाली घालते. जिन्नस शाळेचेच असावेत.

श्रद्धेची कथा आणि पुराव्याची गोष्ट या दोहोंना आपापली जागा आहे. एकीची थट्टा करून दुसरी शिकवावी लागत नाही. परंतु कोणाच्या डब्यातील कोरड्या भाकरीला कोणी हसले, किंवा कामासाठी परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाला ‘तुमचे जेवण निराळे’ म्हणून बाजूला बसवले, तर शिक्षकाने त्याच दिवशी तो नकाशा उघडावा. निव्वळ आपल्याच मातीतले असे ताट कोणापुढेच नाही, हे मुलांनी स्वतःच्या बोटाने शोधून काढले म्हणजे त्यांना निराळा उपदेश करावा लागणार नाही.