कारागिराचे मनगट

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आपल्या दोन्ही तळहातांचे दर्शन घ्यावे, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. लहानपणी आजीने ती शिकवली, तेव्हा तिचा अर्थ मला उमगला नव्हता. पुढे तो उमगला एका सुतारामुळे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटांचे काम चालू होते. काम करणारे मिस्त्री पन्नाशीच्या घरातले, मितभाषी आणि हाताने अत्यंत नेटके. एके दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर आले आणि पायरीवर बसून उजवा हात झटकू लागले. ओल्या हाताचे पाणी झटकावे, तसे. मी विचारले तेव्हा म्हणाले, “साहेब, रात्री हाताला मुंग्या येतात. हात झोपतो, पण मला झोपू देत नाही.” किती दिवस झाले? “दोन वर्षं झाली असतील.” डॉक्टरांना दाखवले का? यावर ते हसले. “दाखवून काय करू? ते म्हणणार, काम बंद ठेवा. काम बंद ठेवलं तर चूल कशी पेटायची?”

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पुढे डॉक्टर मंडळींना विचारून आणि थोडेफार वाचून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

हाताने काम करणाऱ्यांच्या दुखण्याकडे शास्त्राचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. इटलीत मोडेना येथे राहणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला कोणते प्रश्न विचारावेत हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीसने सांगून ठेवले होते. रामाझ्झिनीने त्यांत एका प्रश्नाची भर घातली: तू कोणते काम करतोस? त्याच्या ग्रंथात लेखनिकांवरही एक प्रकरण आहे. जन्मभर दस्तऐवज लिहिणाऱ्या एका नोटरीचा उजवा हात अखेर निकामी झाला. त्याने मोठ्या चिकाटीने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला, आणि थोड्याच काळात तोही हात त्याच दुखण्याने जायबंदी झाला! सरकारी कचेरीत कागद काळे करण्यात उमर घालवणाऱ्या माझ्यासारख्याने ही हकीकत वाचून आपल्या मनगटाकडे जरा धास्तीनेच पाहिले, हे कबूल केले पाहिजे. एकच हालचाल, एकाच दिशेने, विसाव्यावाचून हजारो वेळा होत राहिली, की ती लेखणीची असो वा करवतीची, हात तिचा हिशेब मांडून ठेवतो.

हा हिशेब कोठे मांडला जातो? मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडांची एक कमान आहे आणि तिच्यावर एका चिवट बंधाचे छत आहे. या अरुंद बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्या दाटीतूनच एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना त्याच्या स्वाधीन असते. मनगट वाकवून आणि मूठ आवळून दिवसभर काम केले, की कंडरांभोवतीची आवरणे जाड होतात, बोगद्यातील दाब वाढतो आणि तो बिचाऱ्या मज्जातंतूला सोसावा लागतो. झोपेत मनगट नकळत दुमडते, म्हणून मुंग्या रात्री अधिक येतात. वैद्यक याला कार्पल टनेलचा विकार म्हणते. त्याची एक खूण घरीही ओळखता येते: करंगळी सहसा या बधिरतेतून सुटते, कारण तिचा मज्जातंतू वेगळ्या वाटेने जातो.

तथापि हाताचे प्रत्येक दुखणे हेच नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला कळ येत असेल, तर तेथील कंडरांचे आवरण आवळलेले असण्याचा संभव असतो. स्वित्झर्लंडमधील शल्यवैद्य द केर्व्हें यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. पेचकस फिरवून फिरवून कोपराची बाहेरची बाजू दुखू लागते. मिटलेले बोट अडकते आणि खटकन उघडते. काही कारागिरांना पटाशीवर किंवा सांध्यावर हातोडीऐवजी तळहाताच्या बुडाने ठोकण्याची सवय असते. करंगळीच्या बाजूला तेथे रक्तवाहिनी हाडाच्या अगदी लगत असते. नित्याच्या आघाताने ती जखमी होऊन बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो. आणि अलीकडे यंत्रांचे कंपन आले आहे. अमेरिकेतील डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील दगडफोड्यांची तपासणी केली, तेव्हा हवेच्या दाबावर चालणारी हातोडी धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी फटक पडतात, असे त्यांना आढळले. लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र दिवसभर धरणाऱ्या कारागिरालाही तोच धोका संभवतो. युरोपीय संघाने तर २००२ मध्ये अशा कंपनावर दैनिक मर्यादाच घालून दिली.

येथे कोणी विचारील, आमचे आजे-पणजे जन्मभर रंधा मारीत होते, त्यांना हे रोग कसे झाले नाहीत? झाले नसतील असे नव्हे. त्यांची नोंद कोण ठेवणार? परंतु एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. गावचा बलुतेदार सुतार आज नांगर दुरुस्त करी, उद्या गाडीचे चाक बसवी, परवा पाळणा किंवा पाट करी. एकाच दिवसात तो वाकसाने तासे, करवतीने कापी, रंध्याने साफ करी आणि मध्येच उठून लाकूड निवडी. ऋतूंबरोबर त्याचे काम बदले आणि कामाबरोबर हाताची हालचाल. ही विविधताच त्याच्या मनगटाचे कवच होती. आज कारखान्यात एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत केवळ स्क्रू आवळतो आणि दुसरा केवळ पॉलिशपेपर घासतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत, कर्नाटकातील चन्नपट्टणची असोत, की सहारनपूरचे कोरीव काम असो, मागणी वाढली की एकच हालचाल वाढते. काम अधिक जड झाले असे नव्हे. ते अधिक एकसुरी झाले आहे.

म्हणून उपायाचा प्रारंभ दवाखान्यात नव्हे, कामाच्या जागीच झाला पाहिजे. त्यातील पहिला उपाय प्रत्येक जुन्या मिस्त्रीला ठाऊक आहे. तो म्हणजे धार. बोथट पटाशी हाताकडून दुप्पट जोर मागते, आणि तो जोर मनगटातून जातो. निसण्यावर घालवलेली दहा मिनिटे वाया गेली असे मुकादमाला वाटते. वस्तुतः ती मनगटाच्या खात्यावर जमा होत असतात. दुसरा उपाय मुठीचा. मूठ फार बारीक असली की बोटे अधिक आवळावी लागतात. जोराच्या कामाच्या हत्याराला साधारण ३ ते ५ सेंटीमीटर जाडीची आणि तळहाताच्या बाहेर थोडी पुरणारी मूठ बरी. आखूड मुठीचे टोक नेमके तळव्याच्या मध्यावर रुतते. बारीक मुठीवर सायकलची जुनी रबरी नळी किंवा सुती पट्टी गुंडाळली, तरी पुष्कळ काम भागते.

तिसरा उपाय उंचीचा. काम करताना मनगट हाताच्या रेषेत सरळ राहिले पाहिजे. रंधा मारण्याचे मेज थोडे खाली असावे, म्हणजे अंगाचा भार उपयोगी पडतो. बारीक कोरीव काम कोपराच्या आसपास आणावे. जमिनीवर बसून पायाने लाकूड धरण्याची आपली पद्धत आहे. तीत लाकडाखाली ठोकळा घेऊन ते योग्य उंचीवर आणता येते. चौथा उपाय: लाकूड धरण्याचे काम हाताकडून काढून घ्यावे. शिकंजा असेल तर शिकंजा, नाही तर पाचर. डाव्या हाताने तासन् तास लाकूड दाबून ठेवणे म्हणजे त्या हाताला न मोजलेली मजुरी करायला लावणे होय. यंत्र घेताना ते किती थरथरते हे हातात धरून पाहावे; चालवताना ते आवळून धरू नये, हात उबदार ठेवावेत आणि झिजलेला कागद किंवा पाते वेळीच बदलावे.

पाचवा उपाय सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. तो म्हणजे उसंत. दुपारी एकदम तासभर आडवे होण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे हात सैल सोडणे अधिक हितकारक असते. त्याहूनही बरे म्हणजे कामांची अदलाबदल: तासभर घासल्यावर मापे घ्यावीत, मापांनंतर कापणी करावी. नव्या उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात दहा तास रंध्यावर उभे करू नये. सुटीनंतर कामावर परतलेल्यालाही हाच नियम लागू आहे.

आणि दुखणे जडलेच असेल तर? प्रथम, वेदना बधिर करणारी गोळी घेऊन तेच काम तितक्याच जोराने चालू ठेवू नये. वेदना हा पहारेकरी आहे. त्याला झोपवल्याने चोर परत जात नाही. दुसरे, दुखऱ्या मनगटाची जोराने ओढाताण वा रगडणी करून घेऊ नये. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपावे. हा साधा उपाय निदान सहा आठवडे नेटाने करावा. सौम्य विकारात त्याने अनेकांना उतार पडतो. हात पूर्णपणे बांधून ठेवण्याचीही बहुधा गरज नसते; कळ आणणारी हालचाल तेवढी टाळून बाकीचे काम चालू ठेवता येते. मधुमेह, थायरॉइडची मंदता, संधिवात किंवा गर्भावस्था यांमुळेही असाच त्रास होतो, म्हणून तपासणी टाळू नये. पट्ट्याने भागले नाही तर इंजेक्शन आहे, आणि त्यानेही भागले नाही तर बोगद्याचे छत कापून मज्जातंतू मोकळा करण्याची लहानशी शस्त्रक्रिया आहे. ती पुष्कळदा केवळ हात बधिर करून केली जाते; मात्र जड कामाला हात घालण्यापूर्वी काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

या सगळ्यात काळाला महत्त्व आहे. बोटे दिवसाही बधिर राहू लागली, हातातून खिळा वा पेन्सिल निसटू लागली, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खोलगट दिसू लागला, तर एक दिवसही थांबू नये. दाबाखाली फार काळ राहिलेला मज्जातंतू मोकळा केला तरी गेलेली शक्ती पुरती परत येईलच, असे नाही.

आमच्या मिस्त्रींचे हेच झाले. आणखी दीड वर्ष त्यांनी कळ काढली. अखेर शस्त्रक्रिया झाली, मुंग्या थांबल्या, झोप परत आली. पण चिमटीची ताकद परत आली नाही. आता ते मोठी कापणी करतात, मापे घेतात, मुलाच्या कामावर नजर ठेवतात. बारीक खिळा मात्र मुलाने धरावा लागतो. “साहेब, तेव्हा महिनाभर हात राखला असता तर?” असे त्यांनी मला एकदा विचारले. त्या प्रश्नात माझाही वाटा होता. माझी कपाटे दिवाळीपूर्वी झाली पाहिजेत, असा तगादा मीच लावला होता.

चूल कशी पेटायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. रोजावर जगणाऱ्याला विश्रांतीचा उपदेश करणे सोपे, आणि ती परवडण्याची सोय करणे कठीण. तरी काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे, आणि तीत प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. हत्यारे घेताना केवळ पात्याकडे न पाहता मुठीकडेही पाहावे. ठेकेदाराने एकाच माणसाला एकाच यंत्राला जुंपू नये. आणि आपण घरमालकांनी मुदत ठरवताना दोन दिवस अधिक धरावेत. एवढ्याने सुताराची मजुरी बुडत नाही आणि आपली दिवाळीही अडत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. करवत, रंधा, पटाशी यांना हळदकुंकू वाहतो, फुले घालतो. ज्या हाताने ती चालतात, त्याची विचारपूस करण्यास मात्र कोणताही सण नेमलेला नाही. आपल्या घरी उद्या कोणी कारागीर आला, तर काम कधी होईल हे विचारण्यापूर्वी, हात कसा आहे, एवढे त्याला अवश्य विचारा. तो कदाचित हसेल. पण पुढच्या वेळी हात झटकताना, दोन वर्षे थांबण्याऐवजी, तो दोन आठवड्यांत दवाखान्याची पायरी चढेल.