कोरा फळा

आपल्याकडे चौकात किंवा वाचनालयाच्या दाराशी एक फळा असतो. वार्ताफलक. सकाळी कुणीतरी त्यावर खडूनं चार ठळक बातम्या लिहून जातं आणि माणसं सायकलवरून एक पाय टेकवून त्या वाचतात. आता समजा, फळा टांगला, खाली खडूचा डबा ठेवला आणि वर एवढंच लिहिलं, ‘बातम्या तुम्हीच लिहा.’ पहिल्या दिवशी काय होईल? काहीही होणार नाही. आणि कोऱ्या फळ्यासमोर थांबतो कोण?

२००५च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या मेडफर्डमध्ये, दोन तरुण नेमके याच पेचात होते. स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन. व्हर्जिनिया विद्यापीठातले खोलीमित्र, शिक्षण नुकतंच संपवलेलं. त्यांच्या वेबसाइटचं नाव रेडिट. संपादक नाही, वार्ताहर नाही. वाचकानंच कुठेतरी वाचलेल्या मजकुराचा दुवा आणून लावायचा आणि बाकीच्यांनी मतं देऊन तो वर चढवायचा किंवा खाली ढकलायचा.

खरं तर त्यांना हे करायचंच नव्हतं. त्यांच्या डोक्यात होतं मोबाइलवरून जेवण मागवण्याचं. आज पुण्या-मुंबईत कुणाही मुलाला त्यात नवल वाटणार नाही, पण आयफोन यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. त्या मार्चमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरचं व्याख्यान ऐकायला दोघं व्हर्जिनियाहून हार्वर्डला गेले. ग्रॅहम नवे उद्योग उभे करायला मदत करणारी ‘वाय कॉम्बिनेटर’ ही संस्था सुरू करत होते. पुढे त्यांनी या दोघांची मुलाखत घेतली आणि जेवणाची कल्पना नाकारली. दोघं हिरमुसून परतीच्या गाडीत बसले. तेवढ्यात फोन आला. कल्पना नको, पण तुम्ही हवे आहात, दुसरं काहीतरी करा! दोघं गाडीतून उतरून माघारी फिरले. बारा हजार डॉलर मिळाले आणि जूनमध्ये साइट सुरू झाली.

आणि फळा कोरा.

मग या दोघांनी जे केलं, ते हफमन यांनी पुढे स्वतःच मोकळेपणानं सांगितलं. त्यांनी वाचक बनवले. म्हणजे नावं बनवली. दुवा टाकण्याच्या फॉर्मवर, फक्त या दोघांना दिसेल अशी, टोपणनावाची एक जादा चौकट होती. आज एका नावानं, उद्या दुसऱ्या नावानं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे बरीच वर्दळ आहे. नवी खानावळ उघडणारे पहिले काही दिवस आपल्याच भावाला आणि मेहुण्याला बाहेरच्या टेबलावर जेवायला बसवतात, तसंच हे. रिकाम्या खानावळीत कुणी शिरत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

ही लबाडी होती का? होती. मला ती पूर्ण पचत नाही, कारण जे दुकान ‘लोकांची पसंती’ विकतं, त्याचा पहिला मालच बनावट होता. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या नावांनी ते भिकार काही टाकत नव्हते. आपल्याला जे वाचायला आवडेल, तेच टाकत होते. म्हणजे संपादक नाही म्हणता म्हणता, संपादकी चाललीच होती. ऑगस्टमध्ये कधीतरी हफमन यांनी एक दिवस सुट्टी घेतली, काही टाकलं नाही. नंतर साइट उघडून पाहिली तर पान भरलेलं! अनोळखी, खऱ्या माणसांनी भरलेलं.

ही माणसं आली कुठून? मला वाटतं, खरी गोष्ट इथे आहे. ग्रॅहम कित्येक वर्षं आपल्या साइटवर निबंध लिहीत होते आणि जगभरचे प्रोग्रामर ते वाचत. त्यातले बरेच निबंध लिस्प या संगणकीय भाषेच्या कौतुकाचे. त्यांच्या वाचकांची पावलं रेडिटकडे वळली. म्हणजे दुकान नवं होतं, गिऱ्हाईक जुनं होतं आणि ते एका माणसाच्या लेखणीनं आधीच जमवून ठेवलेलं होतं.

गंमत पुढे आहे. रेडिटही लिस्पमध्येच लिहिलेलं होतं. २००५च्या अखेरीस ॲरन स्वार्ट्झ हा जेमतेम एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्यात सामील झाला आणि साइट लिस्पमधून काढून पायथन भाषेत नव्यानं लिहिली गेली. स्वार्ट्झ काम करता करता स्वतःच्या ब्लॉगवर लिहीतही असे. तिथे त्यानं या बदलामागची कारणं सांगून टाकली. दुसरी एखादी कंपनी गप्प बसली असती. लिस्पवाले वाचक खवळले आणि ते भांडले कुठे? रेडिटवरच. मालकाच्या विरोधात मालकाच्याच फळ्यावर! त्या दिवशी तो फळा खऱ्या अर्थानं वाचकांचा झाला, असं मी म्हणेन.

मतमोजणीचं गणितही ऐकण्यासारखं आहे. २००८मध्ये त्यांनी आपला कोड खुला केला, तेव्हा ते सगळ्यांना दिसलं. पहिल्या दहा मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या नव्वदांना. आणि साडेबारा तास जुन्या बातमीला नव्या बातमीची बरोबरी करायची असेल, तर दसपट मतं लागत. म्हणून कालची बातमी, कितीही गाजलेली असो, आज आपोआप खाली सरकत असे. दुवा आवडला की टाकणाऱ्याच्या खात्यावर गुण जमा होतात, त्यांना तिथे ‘कर्म’ म्हणतात. शब्द आपला. फळाची आशा धरू नका, असं आपल्याकडे सांगतात. तिकडे मात्र नावासमोर आकडाच लावलेला.

डिग नावाची याच धर्तीची साइट रेडिटच्या आधी, २००४मध्ये सुरू झाली होती आणि कितीतरी मोठी होती. २०१०च्या ऑगस्टमध्ये तिनं आपलं रूप मुळापासून बदललं, प्रकाशकांना पुढे बसवलं. वाचकांनी तिच्या पहिल्या पानावर रेडिटचेच दुवे चढवून राग काढला आणि पुष्कळ जण तिकडेच राहायला गेले.

हफमन आणि ओहानियन यांनी रेडिट २००६च्या ऑक्टोबरमध्येच काँडे नास्ट या मासिकांच्या कंपनीला विकलं होतं. हफमन पुढे बाहेर पडले आणि २०१५मध्ये प्रमुख म्हणून परत आले. २०२४च्या मार्चमध्ये रेडिट न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरलं, चौतीस डॉलरला एक शेअर. त्यातला थोडा वाटा साइट वापरणाऱ्यांसाठी आणि तिथल्या चर्चांची फुकट राखण करणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. त्यांचा क्रम कसा लावायचा, हा प्रश्न आला, तेव्हा जुनं माप कामी आलं. वापरणाऱ्यांमध्ये ज्याचं कर्म जास्त, त्याचा नंबर आधी.