विजेच्या कुकरातला भात



तुम्ही जमत होता, तेवढ्यात आम्ही पलीकडच्या टेबलावर एक काम करून ठेवले आहे. विजेच्या कुकरात दोन मापे तांदूळ व पाणी घालून बटण दाबले आहे. त्याचा 'टक' असा आवाज झाला की आम्हाला सांगा. तोवर आपण बोलू.

आपला मराठवाडा ज्वारीचा. जेवण म्हणजे भाकरी. भात शेवटी दोन घास. मग भातावर भाषण कशाला, असे कुणी विचारील. पण आता मुकुंदवाडीचे दिवस बदलले. इथून चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसे आहेत. खोली घेऊन शिकणारी पोरे आहेत. रात्री अकराला घरी आलेला माणूस भाकरी थापीत बसत नाही. म्हणून हे भांडे पुष्कळ घरांत आले. आणि पुष्कळ घरांत ते महिन्याभरात माळ्यावरही गेले. आमच्याकडचेही जाणारच होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाचा उजवा हात मोडला. दीड महिना प्लास्टर. मुलगा परगावी नोकरीला. तेव्हा स्वयंपाक आमच्याकडे आला. सारा जन्म आम्ही शाळेत घालवला, पण घरात मीठ कोणत्या डब्यात असते हे आम्हाला ठाऊक नव्हते! मुलाने हा कुकर पाठवला. म्हणाला, "बाबा, बटण दाबा, भात तयार."

आम्ही बटण दाबले. पहिल्या दिवशी भात वरून कच्चा. दुसऱ्या दिवशी पाणी वाढवले, तर लापशी झाली. तिसऱ्या दिवशी उतू गेले, ओटाभर फेस. कुटुंब पलंगावरून म्हणाले, "अहो, तांदूळ मोजला होता का?"

आम्ही गणित शिकवणारे मास्तर. आणि तांदूळ मोजला नव्हता! तिला मुठीने घेताना पाहिले होते, तसाच मुठीने घेतला. पण तिच्या मुठीला चाळीस वर्षांचा सराव, आमच्या मुठीला तीन दिवसांचा.

मग आम्ही हे यंत्र नीट समजून घ्यायचे ठरवले. ते असे आहे. पाणी उकळू लागले की सुमारे 100 अंशांवर त्याची उष्णता थांबते. कितीही जाळ लावा, भांड्यात पाणी आहे तोवर ते त्याहून फारसे तापत नाही. भाताने पाणी पिऊन टाकले, उरलेले वाफ होऊन गेले, की भांड्याचे बूड एकदम जास्त तापू लागते. कुकरात खाली मधोमध एक गोल बोंड असते. त्यात चुंबक असतो. शंभराच्या थोडे वर गेले की त्याची ओढ सुटते, स्प्रिंग त्याला ढकलते, आणि बटण टक्कन वर येते. म्हणजे या यंत्राला एकच गोष्ट कळते: पाणी संपले. भात शिजला की नाही, हे त्याला कळत नाही. पाणी कमी घातले तर ते लवकर संपते, आणि कच्च्या भातावरच बटण वर येते. यात यंत्राचा दोष काय?

ही युक्ती जपानची. तिथे तिन्ही त्रिकाळ भात. बायका पहाटे उठून चुलीशी बसत. 1955 साली तोशिबा कंपनीने आपोआप बंद होणारा विजेचा कुकर बाजारात आणला. तो तयार केला मिनामी योशितादा नावाच्या छोट्या कारखानदाराने. पण रोज भात लावून, वेळ बघून, पुन्हापुन्हा तपासण्याचे काम केले त्याची पत्नी फुमिको हिने. आमच्या कुटुंबाला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबर चालणारच."

आता माप. कुकराबरोबर एक लहान कप येतो. तो हरवू नका. हरवला तर घरची एक वाटी ठरवा. तांदूळ त्याच वाटीने, पाणीही त्याच वाटीने. आमच्या घरी जुन्या कोलमला एका वाटीला दोन वाट्या पाणी लागते. नव्या तांदळाला दीड ते पावणेदोन पुरते, कारण तो आधीच ओलसर असतो. इंद्रायणी मुळातच चिकट, तिला बेताने घाला. तुमच्या तांदळाला किती, हे दोन दिवसांत कळेल. चुकले तर दुसऱ्या दिवशी पाव वाटी कमी-जास्त करा, आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. आता लिहिता येते ना? मग लिहा.

इथे एक गंमत आहे. एका वाटीला दोन, तर चार वाट्यांना आठ, हे त्रैराशिक इथे लागू पडत नाही. वाफेवाटे जाणारे पाणी तांदळाच्या हिशोबाने चौपट होत नाही. म्हणून चार वाट्यांना सात-साडेसात पुरतात. उलट, अगदी थोडा तांदूळ लावला तर पाणी थोडे जास्त हवे.

उतू जाते त्याचे कारण तांदळाची पिठी. तीन पाणी धुवा, अर्धा तास भिजत ठेवा, थेंबभर तेल टाका. भांडे काठोकाठ भरू नका. मूगडाळीची खिचडी यात छान होते. तुरीचे वरण मात्र लावू नका. शिट्टीच्या कुकरात वाफ कोंडते, म्हणून पाणी 120 अंशांपर्यंत तापते. यात ते होत नाही. डाळ तासभर रटरटते आणि ओटा घाण होतो.

आता ऐका, हे महत्त्वाचे. आमच्या हातून एक चूक झाली. आतले भांडे धुतले आणि बाहेरून न पुसता तसेच कुकरात ठेवले. पाणी खाली तबकडीवर गेले, चरचर आवाज आला. आम्ही घाबरून कुकराला हात लावला, तोच झिणझिणी थेट खांद्यापर्यंत! हात सुटला म्हणून आज तुमच्यापुढे उभे आहोत. वायरमनने पाहिले तर बोर्डाला अर्थिंगच नव्हते. तीन टोकांच्या पिनेतले जाड टोक हे जीव वाचवण्यासाठी असते. ते कुणी मोडून दोन टोकांच्या बोर्डात खुपसतात, तसे करू नका. भांडे आतून ओले चालेल, बाहेरून कोरडे हवे. आणि तबकडीवर एक शीतही राहू देऊ नका. त्याने भांडे तिरपे बसते आणि बटण वेळेवर सुटत नाही.

वीज मध्येच गेली तर बटण खालीच राहते. वीज आली की कुकर पुन्हा चालू होतो. म्हणून घराबाहेर पडताना पिन काढा.

बिलाची भीती घालतात. कुकराच्या बुडाशी पाटी असते, ती वाचा. 700 वॅट लिहिले असेल तर अर्ध्या तासाला सुमारे पाव-तिसऱ्या हिश्श्याचे युनिट. तीन दिवसांत एक युनिट, एवढेच.

रेशनच्या तांदळाबद्दल. गेल्या काही वर्षांत त्यात थोडे वेगळे दाणे आले. लोक म्हणाले, प्लॅस्टिकचा तांदूळ! निवडून फेकले. ते प्लॅस्टिक नव्हते. तांदळाच्याच पिठात लोह व जीवनसत्त्वे मिसळून केलेले दाणे ते. शंभर दाण्यांत एखादा. अंगात रक्त कमी असलेल्या बाई-मुलांसाठीच ते घातले होते. ते फेकू नका. कुकरात पेज काढून टाकावी लागत नाही, हाही फायदाच.

उरलेला भात रात्रभर कुकरात ठेवू नका. भातात एक जंतू असतो, त्याचे बी उकळूनही मरत नाही. कोमट भातात ते वाढते आणि पोट बिघडवते. आपला उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. फ्रिज असेल तर तास-दीड तासात आत ठेवा. नसेल तर लागेल तेवढाच लावा.

आता कुटुंबाचा हात बरा झाला, पण भात आमच्याकडेच राहिला. शेजारचे हसतात. हसू द्या.

हां, वाजला का? बसा, बसा. झाकण इतक्यात उघडायचे नाही. दहा मिनिटे तसेच राहू द्या, वाफ आत मुरते आणि खालचा भात सुटतो. मग पानावर वाढू. लिंबाचे लोणचे घरूनच आणले आहे.